माशीच्या गळाचे पहिले धडे

पवईच्या तलावाच्या कांठीं सकाळच्या प्रहरीं गळ टाकून बसलेले लोक अंधेरी-घाटकोपरकडील कुटुंबांना अपरिचित नाहींत. कणकेचा गोळा गळाला लावावा, तो पाण्यांत सोडावा आणि दोरी हालण्याची वाट पाहात स्वस्थ बसावें, हा तेथील जुना परिपाठ. परंतु कधींकधीं त्यांच्यांत एखादा असा आढळतो कीं, तो क्षणभरहि स्वस्थ नसतो. त्याची दोरी डोक्यावरून मागें जाते, पुढें येते, पुन्हां मागें जाते, आणि शेवटीं पाण्यावर अलगद उतरते. त्याच्या गळाला कणीक नाहीं, गांडूळहि नाहीं. पिसें व रंगीत दोरा गुंडाळून केलेला एक खोटा कीटक आहे. इंग्रज त्याला माशी म्हणतो. मराठींत मासा आणि माशी हे शब्द इतके शेजारीं पडले आहेत कीं, नवशिक्याचा पहिला गोंधळ तेथेंच होतो.

साध्या गळांत वजन असतें तें टोंकाला. शिसें किंवा आमिष जड असतें, म्हणून तें फेकलें कीं दोरी त्याच्यामागून ओढली जाते. खोट्या माशीला वजन जवळजवळ नसतेंच; ती फेकूं गेल्यास पायाशींच पडेल. म्हणून येथें वजन दोरीला दिलेलें असतें व फेकावयाची असते ती दोरी. माशी तिच्याबरोबर केवळ प्रवास करते. हें तत्त्व ध्यानांत आलें म्हणजे बाकीच्या सामानाचा अर्थ आपोआप लागतो. काठी लवचीक, बहुधा ९ फूट लांबीची. दोरी जाड, गुळगुळीत लेप दिलेली. तिच्या वजनाला क्रमांक असतो आणि काठीवरहि क्रमांक छापलेला असतो. ५ क्रमांकाच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारें ९ ग्रॅम भरतात. नवशिक्यानें ५ किंवा ६ क्रमांक पत्करावा, व काठी आणि दोरी यांचा क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. दोरीच्या पुढें ८-९ फूट निमुळता तंगूस आणि त्याच्या टोंकाला माशी. रिळाचें काम मुख्यतः दोरी सांभाळण्याचें; त्यावर फार पैसे खर्चण्यांत अर्थ नाहीं. दुकानदार अर्थातच निराळें सांगेल.

ही विद्या आपल्याकडे विलायतेहून आली खरी, पण तिचें मूळ त्याहून जुनें आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ईलियन या ग्रंथकारानें मॅसिडोनियांतील एका नदीवर गळाला तांबडी लोंकर व पिसें बांधून मासे धरणाऱ्या लोकांचें वर्णन केलें आहे. इकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' रचला. त्यांत मत्स्यविनोद हें प्रकरणच आहे. माशांच्या जाती आणि त्यांचें खाणें यांचा विचार राजानें स्वतःच्या करमणुकीसाठीं केलेला पाहून आजच्या गळवाल्यास संकोच वाटण्याचें कारण उरत नाहीं. इंग्रजी अमदानींत एच. एस. टॉमस यांचें या देशांतील गळाविषयींचें पुस्तक १८७३ सालीं निघालें. मात्र विलायती पुस्तकांतील चित्रें नवशिक्यानें तूर्त मिटून ठेवावीं हें बरें. त्यांतला ट्राउट मासा थंड पाण्याचा; तो निलगिरींत व काश्मिरांत रुजला, पवईंत तो जगणार नाहीं.

पहिला धडा पाण्यावर नव्हे, कोरड्या जमिनीवर घ्यावयाचा. मुलुंड किंवा बोरिवलीकडील एखाद्या मैदानावर, क्रिकेटवाले जमण्यापूर्वीं, सुमारें २५ फूट दोरी समोर पसरावी आणि टोंकाला गळाऐवजीं लोंकरीचा तुकडा बांधावा. कोणी हंसेल, हंसूं द्यावें. आपल्या उजव्या हाताला मोठें घड्याळ उभें आहे असें कल्पून काठी दहाच्या आंकड्यापासून वाढत्या वेगानें उचलावी व एकाच्या आंकड्याशीं एकदम थांबवावी. आतां दोरी डोक्यावरून मागें उलगडूं लागते. येथें कांहींहि करावयाचें नाहीं, आणि हेंच अत्यंत कठीण आहे. दोरी पाठीमागें पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावें लागतें, कारण सरळ झालेली दोरीच काठीला वांकविते, आणि वांकलेली काठी सरळ होतांना दोरीला पुढें फेंकते. उतावळा मनुष्य दोरी अर्ध्यांत असतांनाच हात पुढें आणतो. मग आसुडासारखा फटकारा ऐकूं येतो. आवाज ऐकून त्याला आपल्या बळाचा अभिमान वाटतो. पण गळ बांधलेला असता तर त्या फटकाऱ्यानें माशी तुटून गेली असती. प्रारंभीं मान वळवून दोरीकडे पाहण्यास हरकत नाहीं. बळकट दंडाच्या माणसापेक्षां, हातांत जोर नसलेल्याला ही फेक लवकर साधते. दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास दिला म्हणजे दोरी सरळ पडूं लागते. गळ बांधण्याची वेळ आली कीं चष्मा आणि टोपी घालावी. पहिला मासा बहुधा फेकणाऱ्याचा स्वतःचा कान असतो.

मग पाणी कोठलें? विहार व तुळशी हे तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचे, राष्ट्रीय उद्यानाच्या कवेंतले. तेथें गळ टाकण्याची गोष्टच काढूं नये. पवईचा तलाव १८९१ सालीं पिण्याच्या पाण्यासाठींच बांधला गेला, परंतु तें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं, आणि म्हणून तो गळवाल्यांच्या वांट्याला आला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचें ठाणें तेथें कांठावरच आहे. तिच्याकडे चौकशी करून परवानगी घ्यावी. विलायती गळवाला गुडघाभर पाण्यांत उभा राहून दोरी फेकतो. पवईंत मगरी आहेत; येथें पाय कांठावरच ठेवावे, तेहि पाण्यापासून अंतर राखून.

पवईंतले सगळेच मासे माशीला भुलत नाहींत. मृगळ तळाशीं चरतो. कटला वर येतो, पण तो पाण्यांतले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यांच्यामागें लागून नवशिक्यानें पहिला मोसम वायां घालवूं नये. १९५२ सालीं भारतांत आणलेला तिलापिया पाण्याखालीं हळूहळू ओढलेली बारीक माशी घेतो. तोच पहिला गुरु. मरळ हा खरा शिकारी. तो हवा घेण्यासाठीं वर येतो आणि पाण्यावर एक वर्तुळ सोडून जातो. त्या वर्तुळापासून थोडें दूर माशी टाकावी. पण पावसाळ्यांत तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठभागीं दिसला तर काठी खालीं ठेवावी. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते. तिला उचललें कीं तो सगळा थवा इतर माशांच्या तोंडीं जातो. अशा वेळीं मरळ रागानें कशावरहि झडप घालते, म्हणून तिला धरणें सोपें असतें, आणि म्हणूनच तें करूं नये. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती पाण्यावर पडूं लागली, कीं एरवीं उदासीन असलेले लहान मासेहि वर उसळतात. त्या संध्याकाळीं तपकिरी माशी खिशांत असावी.

गळाचा उलटा कांटा पक्कडीनें आधींच दाबून टाकावा. धरलेला मासा ओल्या हातानें धरावा, पाण्याबाहेर क्षणभरच ठेवावा आणि सोडून द्यावा. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून जातो व मग रोग जडतो. घरीं नेऊन खाण्याचा मोह पवईपुरता तरी आवरावा. नाल्यांचें मैलापाणी तलावांत येत आलें आहे, आणि जलपर्णीचे हिरवे गालिचे त्याच खतावर पोसले जातात. बोटींतून जाणाऱ्याला ते सुंदर दिसतात. दोरी टाकावयास हातभर मोकळें पाणी शोधणाऱ्याला मात्र, गेल्या महिन्यापेक्षां तें किती आकसलें हें अचूक कळतें. त्यानें तारखेसह तें वहींत टिपावें. पाण्याचा रंग आणि वासहि टिपावा. तलावासंबंधीं तक्रार करण्याची वेळ आली तर धरलेल्या माशांच्या यादीपेक्षां हीं पानें अधिक उपयोगीं पडतील.

घरीं परतल्यावर दोरी साबणाच्या कोमट पाण्यांत भिजवून फडक्यानें पुसून घ्यावी. पवईचें शेवाळ तिला चिकटून राहिलें तर दुसऱ्या दिवशीं ती काठीच्या कड्यांतून सरत नाहीं, आणि दोष उगाच हाताला दिला जातो.