सूर्यावर पडदा टाकण्याची योजना आणि आपला पाऊस

१५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावर पिनातुबो ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच दिवशी तिथे चक्रीवादळही आले होते. पावसात भिजून जड झालेली राख घरांच्या छपरांवर साचली, छपरे कोसळली आणि त्याखाली माणसे गेली. या उद्रेकात एकूण ८०० हून अधिक लोक मेले. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आएता आदिवासी तर आपल्या जमिनीपासूनच तुटले. वातावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र पिनातुबो आठवतो तो दुसऱ्याच कारणासाठी. या स्फोटाने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड आकाशात खूप उंच फेकला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने खाली आले.

ज्वालामुखीने जे अपघाताने केले ते माणसाने मुद्दाम, दरवर्षी, विमानांनी करावे, अशी एक योजना आज जगात गंभीरपणे चर्चेत आहे. स्थितांबरात परावर्तक कण सोडायचे आणि सूर्यप्रकाशाचा थोडासा भाग पृथ्वीवर पोहोचण्याआधीच अवकाशात परत पाठवायचा. कल्पना नवी नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी ती १९७० च्या दशकातच मांडली होती. पण तिला वजन आले ते २००६ मध्ये, ओझोनवरील संशोधनासाठी नोबेल मिळवणारे पॉल क्रुट्झेन यांनी तिच्यावर लेख लिहिला तेव्हा. खरे तर क्रुट्झेन यांचा सूर वैतागाचा होता. प्रदूषण कमी करून ही वेळच येऊ न देणे सर्वांत चांगले, पण राज्यकर्ते ते करताना दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वैताग लोक विसरले, उपाय लक्षात राहिला.

हे घडते कसे ते आधी पाहू. आपण ज्या थरात राहतो, जिथे ढग आणि पाऊस असतो, तिथे गंधकाचा धूर सोडला तर तो काही दिवसांत पावसाबरोबर धुऊन जमिनीवर येतो. कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर असाच येतो. पण १५ ते २० किलोमीटरच्या वर, स्थितांबरात, पाऊस नाही. तिथे गेलेल्या वायूचे गंधकाम्लाचे बारीक थेंब बनतात आणि ते वर्ष-दोन वर्षे तरंगत राहतात. वाऱ्याने ते पृथ्वीभर पसरतात आणि धुरकट पडद्यासारखे ऊन थोडे अडवतात. एक-दोन टक्के ऊन अडवले तरी तापमानवाढीचा मोठा भाग झाकला जाईल, असा हिशोब आहे. खर्चाचे अंदाज वर्षाला काही अब्ज डॉलर इतकेच निघतात. जगाची ऊर्जाव्यवस्था बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, आणि आमच्या मते खरा धोका या स्वस्ताईतच आहे. एखादा श्रीमंत देश हे एकट्याच्या बळावर सुरू करू शकतो.

इथे एक खुलासा. विमानामागे दिसणारी पांढरी रेघ म्हणजे सरकार आकाशातून रसायने फवारते आहे, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. त्याचा या योजनेशी काहीही संबंध नाही. ती रेघ इंजिनातून निघालेल्या वाफेचा बर्फ असते. नेहमीची प्रवासी विमाने २० किलोमीटरवर जातच नाहीत, त्यासाठी वेगळी विमाने बांधावी लागतील. अफवेवर भांडत बसलो तर खरा प्रश्न बाजूला राहतो.

खरा प्रश्न पावसाचा आहे. तापमान खाली आले की हवामान पूर्वीसारखे झाले, असा समज सहज होतो. तसे होत नाही. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो तो दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, विषुववृत्तावर आणि ध्रुवावर. कणांचा पडदा मात्र जिथे आणि जेव्हा ऊन असते तिथेच काम करतो. म्हणजे एका बाजूने रजई तशीच अंगावर आहे आणि दुसऱ्या बाजूने खिडकीला पडदा लावला आहे. दोन्हींचे परिणाम एकमेकांना तंतोतंत खोडत नाहीत. ऊन कमी झाले की समुद्रावरचे बाष्पीभवन कमी होते आणि पाऊसही कमी होतो. सध्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले गोविंदसामी बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपांतून हे २००८ मध्येच दाखवले होते: कार्बनमुळे वाढलेले तापमान ऊन कमी करून पूर्णपणे भरून काढले, तर जगाचा सरासरी पाऊस आधीपेक्षा कमी होतो.

आपला मान्सून तर उन्हावरच चालतो. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून समुद्रावरची ओली हवा जमिनीकडे ओढली जाते. ऊन मंदावले की हा फरक घटतो. अ‍ॅलन रोबॉक आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आशिया आणि आफ्रिकेचा उन्हाळी मान्सून कमजोर होण्याची शक्यता दाखवली. पिनातुबोनंतरच्या वर्षात जगभरात जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांमधून समुद्राला मिळणारे पाणी लक्षणीय घटले, असे नोंदी सांगतात. त्या काळात एल निनोही होता, म्हणून सगळा दोष ज्वालामुखीवर टाकता येत नाही. पण एकट्या एल निनोने ती घट समजावून सांगता येत नाही, असेही अभ्यासकांनी दाखवले आहे.

महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के शेती कोरडवाहू आहे. ‘पावसात थोडी घट’ हे शब्द अहवालात निरुपद्रवी वाटतात. मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्ये त्यांचा अर्थ वेगळा होतो. खरीप गेला की भूमिहीन कुटुंबाची शेतमजुरी आधी जाते, मग मुले शाळेतून काढून ऊसतोडीला न्यावी लागतात, उचल घ्यावी लागते. ज्याच्या शेतात बोअर आहे तो एक वर्ष काढतो. ज्याला शेतच नाही, त्याच्यासाठी पीकविमाही नाही.

कण कुठे सोडले जातात यावरही बरेच अवलंबून आहे. सहाराच्या दक्षिणेचा साहेल हा आफ्रिकेतला कोरडा पट्टा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जिम हेवूड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की १९०० ते २०१० या काळात तिथल्या चार सर्वांत कोरड्या उन्हाळ्यांपैकी तीन उन्हाळ्यांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठे ज्वालामुखी फुटले होते. त्यात १९१२ चा अलास्कातला आणि १९८२ चा मेक्सिकोतला एल चिचोन हे उद्रेक येतात. फक्त उत्तर गोलार्ध थंड केला तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. भारतीय विज्ञान संस्थेतील नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसले की उत्तरेत कण सोडले तर उत्तर गोलार्धातले मान्सून, म्हणजे आपलाही, घटतात. दोन्ही गोलार्धांत समतोल राखून कण सोडले तर नुकसान बरेच कमी होते. पण तो समतोल कोण राखणार? अटलांटिकची वादळे कमी करण्यासाठी एखाद्या देशाला फक्त उत्तरेतच कण सोडण्याचा मोह होऊ शकतो, कारण प्रारूपांत तसा फायदा खरोखर दिसतो.

बाकीचे परिणामही लहान नाहीत. पिनातुबोनंतर ओझोनचा थर पातळ झाला होता. समुद्र आम्लयुक्त होत राहील, कारण कार्बन हवेत तसाच असेल. २०१८ च्या एका अभ्यासाने एल चिचोन आणि पिनातुबोनंतरचे मका, सोयाबीन, भात, गहू यांचे उत्पादन तपासले. थंडाव्याने पिकांना होणारा फायदा ऊन कमी झाल्याच्या तोट्यात जवळजवळ खलास होतो, असा निष्कर्ष निघाला.

शिवाय एकदा सुरू केलेले हे काम थांबवता येत नाही. कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, कार्बन शतकानुशतके राहतो. पन्नास वर्षे पडदा लावून ठेवला, खाली कार्बन वाढू दिला आणि मग युद्धामुळे किंवा पैशाअभावी विमाने थांबली, तर झाकलेली सगळी उष्णता थोड्याच वर्षांत अंगावर येईल. कर्जाचे हप्ते भरण्यासाठी नवे कर्ज काढत राहणारे कुटुंब आम्ही पाहिले आहे. हे गणित तसेच आहे, फक्त सही करणारे एक आणि फेडणारे दुसरे.

या योजनेच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र आम्ही हलका मानत नाही. उष्णतेने आधी मरतो तो गरीब. पत्र्याच्या घरात राहणारा, उन्हात विटा वाहणारा माणूस थंडाव्याची वाट पाहू शकत नाही. संयमाने वापर केला तर बहुतेक प्रदेशांतली उष्णता कमी होईल, असे अनेक प्रारूपे सांगतात. म्हणून संशोधनच नको, असे आम्ही म्हणणार नाही. उलट भारतातल्या शास्त्रज्ञांनी भारताच्या पावसावरचे परिणाम स्वतः तपासलेच पाहिजेत. आक्षेप आहे तो न विचारता आकाशात हात घालण्याला.

आणि तसे घडू लागले आहे. ‘मेक सनसेट्स’ या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे परवानगी न घेता सोडले. एका ग्रॅमला दहा डॉलर या दराने ती ‘कूलिंग क्रेडिट’ विकत होती. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने अशा प्रयोगांवर बंदी आणण्याची घोषणा केली. त्याआधी २०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाला स्वीडनमधल्या किरुना इथून एक फुगा सोडायचा होता. त्या उड्डाणात कणही सोडले जाणार नव्हते, फक्त यंत्रणेची चाचणी होती. पण तिथल्या सामी आदिवासींच्या परिषदेने पत्र लिहून हरकत घेतली की आम्हाला कोणी विचारलेच नाही. उड्डाण रद्द झाले आणि २०२४ मध्ये हार्वर्डने तो प्रकल्पच बंद केला. रेनडिअर पाळणाऱ्या एका छोट्या समाजाने हे केले.

त्याच वर्षी नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने या तंत्रज्ञानाच्या अभ्यासासाठी तज्ज्ञगट नेमण्याचा ठराव आणला. आफ्रिकी देशांना तज्ज्ञगटापेक्षा वापरबंदीची दिशा हवी होती. एकमत झाले नाही आणि ठराव मागे घेतला गेला. आजही या पडद्याबद्दल निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा, याचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात नाही.