मुलामा की अस्सल पोलाद?

उज्जयिनीस कालभैरवाच्या दर्शनाला गेलेली आपली मंडळी भैरवगढहून बाटिकची एखादी चादर घेऊन येतात. जाणती गृहिणी ती चादर प्रथम उलटून पाहते. मेणाच्या तड्यांतून झिरपलेला रंग मागील अंगासही उमटला असेल तर काम हातचे. रंग एकाच अंगाला दिसला तर ती बहुधा छापील नक्कल. जुने रिव्हॉल्वर घेणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो: दिसते ती झिलई धातूच्या अंगची, की वरून चढविलेली?

रुपेरी हत्यार दिसले की त्यास सरसकट ‘स्टेनलेस’ म्हटले जाते. वास्तविक स्टेनलेस पोलादाचे पहिले कारखानी रिव्हॉल्वर, स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल ६०’, १९६५ साली निघाले. तेव्हा संस्थानी काळात आजोबांनी घेतलेले चकचकीत रिव्हॉल्वर स्टेनलेसचे असणे शक्यच नाही. त्यावर निकेलचा वा क्रोमचा मुलामा असणार. मुलामा कडेशी व नळीच्या तोंडाशी झिजतो, पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याखालून गंज डोकावतो. निकेलची छटा किंचित पिवळसर, तर स्टेनलेसची करडी. तांबे काढणारी अमोनियायुक्त द्रावणे निकेलवर वापरू नयेत. मुलाम्याखाली तांब्याचा थर असल्यास ती मुलामाच उचलतात.

स्वयंपाकघरातील लोहचुंबकाची परीक्षा येथे मात्र फसते. आपली बरीचशी स्टीलची भांडी चुंबकाला दाद देत नाहीत. पण रिव्हॉल्वरसाठी वापरले जाणारे कठीण स्टेनलेस पोलाद त्याला खुशाल चिकटते. शिवाय ‘स्टेनलेस’ म्हणजे गंजमुक्त नव्हे. घामाच्या हाताने, कातडी म्यानात महिनोन्‌महिने ठेवलेल्या हत्यारावर तांबूस ठिपके हमखास येतात.

स्टेनलेसमध्येही झिलईचे प्रकार आहेत: आरशासारखी, एकाच दिशेच्या बारीक रेघांची, आणि बारीक मण्यांच्या माऱ्याने आणलेली मंद. मुलामा नसल्याने ओरखडे घासून सहज जातात, आणि विक्रेत्याचे नेमके तेथेच फावते. म्हणून चकाकीला भुलू नये. प्रथम चक्र उघडून हत्यार रिकामे असल्याची खात्री करावी, मग भिंगातून कोरीव अक्षरे पाहावीत. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील, स्क्रूभोवती खळगे पडले असतील किंवा रेघा उलटसुलट धावत असतील, तर हत्यार पुन्हा घासलेले आहे. चक्राच्या पुढील तोंडावरची काळी वर्तुळे हा दोष नव्हे. ती बार उडाल्याची खूण. ती नसली म्हणून हत्यार कोरे ठरत नाही.

घासताना क्रमांक पुसट झाला असेल, तर स्वस्त मिळाले तरी तेथून उठावे. ओळखचिन्हे नसलेल्या बंदुकीची खरेदी-विक्री १९५९ च्या शस्त्र कायद्याने निषिद्ध आहे. खाजगी मालकाने परवानाधारकास विकायचे झाले, तरी जिल्हा दंडाधिकारी वा जवळच्या ठाण्यास लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण नागरिकास, वारसाने आलेले धरून, दोनच बंदुका बाळगता येतात. आणि परवानाधारक वडील निवर्तले असता ते हत्यार कपाटात ‘आठवण’ म्हणून ठेवता येत नाही. वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी लागते.