पाण्यात शिरणारी चोच

दापोली तालुक्यातील बुरोंडीच्या किनाऱ्यावर, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावर बसलेला इवलासा निळा धीवर पाण्यात सूर मारतो, तेव्हा ती सारी क्रिया इतकी क्षणिक असते की तिच्यामागे केवढी सूक्ष्म रचना आहे, याची कल्पना पाहणाऱ्यास सहसा येत नाही. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्यामुळे, वेगाने येणाऱ्या देहाचा अग्रभाग बोथट असेल तर सगळा आघात त्यास एकाच क्षणी सोसावा लागतो; परंतु धीवराची चोच लांब, निमुळती आणि मस्तकाकडे हळूहळू रुंदावत गेलेली असल्याने पाणी पुढे न रेटले जाता दोन्ही अंगांस सरकते, आणि वेग फारसा न गमावता पक्षी माशापर्यंत पोहोचतो. होडीची नाळ निमुळती ठेवण्यात हाच न्याय आहे.

याच कुळातील पांढऱ्या छातीचा खंड्या मात्र शेताच्या बांधावर किडे, सरडे व खेकडे टिपण्यातच अधिक रमतो. त्याची चोच दणकट व रुंद, म्हणजे पकडीस उत्तम, पण पाणी भेदण्यास तितकी अनुकूल नव्हे. हा भेद केवळ तर्काचा राहिलेला नाही. ब्रिटनमधील बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी निरनिराळ्या धीवरांच्या चोचींच्या त्रिमितीय प्रतिकृती छापून त्या पाण्यात सोडल्या, आणि मासेखाऊ जातींच्या चोचींचा वेग पाण्यात शिरताना कमी घटतो, असा दाखला २०१९ साली प्रसिद्ध केला. माझ्या मते यातील खरी मौज अशी की, ही निमुळती घडण त्या कुळात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे सिद्ध झालेली आढळली.

धीवराच्या चोचीचा हा गुण अभियांत्रिकीसही उपयोगी पडला. जपानमधील अभियंते एइजी नाकात्सु स्वतः पक्षिनिरीक्षक होते. बोगद्यात शिरणाऱ्या आगगाडीपुढे हवा दाबली जाऊन पलीकडच्या तोंडाशी प्रचंड धडाका होई. त्यांनी धीवराच्या चोचीचा कित्ता गिरवला, आणि १९९७ साली धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या शिंकानसेन या अतिवेगवान गाडीस सुमारे १५ मीटर लांबीचे निमुळते नाक लाभले.

पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे वळू. तेथील सुरय आपली बारीक, अणकुचीदार चोच घेऊन उथळ बुडी मारतो, तर कवड्या धीवर हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबून मग खाली झेपावतो. कोकणातील विद्यार्थ्यांनी कोणत्या चोचीचा पक्षी कोठून, किती उंचीवरून सूर मारतो आणि पाणी किती उसळते, याचे एक साधे दप्तर अवश्य ठेवावे. त्यास दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास धीर पुरे.