पाऊस गेल्यावरचं परसदार

हस्ताचा शेवटचा पाऊस पडून गेला की आठवडाभरात महाराष्ट्राचं आकाश निळंशार होतं आणि ऊन भाजू लागतं. अंगणातलं शेवाळ वाळून पापुद्रे धरतं, विहिरी तुडुंब असतात आणि दुपारी घरात बसवत नाही. मुंबईचं कमाल तापमान ऑगस्टमध्ये सरासरी 30 अंशांच्या आसपास असतं, ते ऑक्टोबरमध्ये 33-34 अंशांवर जातं. मोसमी वाऱ्यांच्या माघारीच्या तारखा हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारल्या. त्यानुसार मोसमी वारे मुंबई सोडतात ते साधारण 8 ऑक्टोबरला आणि देशभरातून त्यांची माघार पूर्ण होते 15 ऑक्टोबरच्या सुमाराला. ढगांचं आच्छादन गेलेलं, नैर्ऋत्येचा वारा पडलेला आणि जमिनीत मात्र चार महिन्यांची ओल, अशा वेळी उन्हाने तापलेल्या जमिनीतून वाफ उठते आणि घाम वाळत नाही. रात्री याच्या उलट घडतं. ढग नसल्याने जमिनीची उष्णता थेट आकाशात निघून जाते, विशेषतः देशावर पहाटे गारवा येतो आणि गवताच्या पात्यांवर दव उतरतं.

आपण हा महिना घामाने लक्षात ठेवतो. पण परसातल्या जिवांसाठी वर्षातला इतका भरलेला महिना दुसरा नाही. पावसाळ्याने पिकवलेले कीटक आता पूर्ण वाढलेले असतात, त्यांना खाणारेही वाढलेले असतात, आणि उत्तरेकडून पाहुणे यायला सुरुवात झालेली असते. दुर्दैव असं की नेमक्या याच दिवसांत आपण झाडू, विळा आणि फवारा घेऊन अंगणात उतरतो. दिवाळी तोंडावर आलेली असते ना!

सुरुवात चतुरांपासून करतो, कारण ते सगळ्यांनीच पाहिलेले असतात. सप्टेंबर संपताना मैदानावर, गच्चीवर, बसस्टॉपच्या वर पिवळसर-तांबूस चतुरांचे थवेच्या थवे तरंगताना दिसतात. यातले बहुतेक एकाच जातीचे असतात, पँटाला फ्लॅव्हेसेन्स. लांबी जेमतेम साडेचार सेंटिमीटर आणि वजन एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. यांची मादी अंडी घालते ती तात्पुरत्या डबक्यांत. पावसाने साचलेला खड्डा, भाताचं खाचर, बांधकामावरचा हौद, काहीही चालतं. पाणी आटण्याआधी पिल्लं मोठी व्हायला हवीत म्हणून त्यांची वाढ फार वेगाने होते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत दोनेक महिनेही पुरतात. म्हणजे ऑगस्टमध्ये तुमच्या गल्लीतल्या डबक्यात डासांच्या अळ्या खात वाढलेलं पिल्लू ऑक्टोबरमध्ये आकाशात असतं.

मग हे सगळे जातात कुठे? हा प्रश्न मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाला पडला, तो उलट्या बाजूने. मालदीवच्या प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याची तळी-ओढे जवळपास नाहीतच, तरीही दरवर्षी ऑक्टोबरपासून तिथे चतुरांची गर्दी होते आणि काही दिवसांत ओसरते. जिथे अंडी घालायला पाणी नाही, तिथे हे कीटक येतातच कशाला? अनेक वर्षांच्या नोंदी जुळवून अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडणी केली की हे चतुर भारतातून निघून मालदीव, सेशेल्स असे टप्पे घेत पूर्व आफ्रिकेत उतरतात. तेव्हा समुद्रावर खाली वारा विरुद्ध दिशेचा असतो, पण हजार मीटरच्या वर ईशान्येकडून वारा सुरू झालेला असतो आणि चतुर त्या उंचीवर जाऊन त्याच्यावर स्वार होतात. पूर्व आफ्रिकेत तेव्हा पावसाळा असतो, म्हणजे अंडी घालायला नवी डबकी तयार! पुढच्या पिढ्या आफ्रिकेत पावसामागे सरकत राहतात आणि मे-जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर वंशज भारतात परततात. पूर्ण फेरा 14 ते 18 हजार किलोमीटरचा, आणि तो सुमारे चार पिढ्यांत मिळून पुरा होतो. जो निघाला तो परत येत नाही, आणि जो येतो त्याने हा देश कधी पाहिलेला नसतो.

या मांडणीला पुढे पुष्टी मिळत गेली. पाण्यातल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण जागेनुसार बदलतं आणि त्याची खूण चतुराच्या पंखांत कायम राहते. कीथ हॉब्सन आणि अँडरसन यांच्या गटाने 2012 मध्ये मालदीवमधल्या चतुरांचे पंख तपासले, तेव्हा ते चतुर तिथले नसून उत्तर भारत किंवा त्याहून उत्तरेकडच्या पाण्यात वाढलेले असावेत असं दिसलं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांना भारत, जपान, कॅनडा आणि दक्षिण अमेरिकेतल्या याच जातीच्या चतुरांची जनुकं थक्क व्हावं इतकी सारखी आढळली. अशी सरमिसळ व्हायला समुद्र ओलांडावेच लागतात. गच्चीवरच्या दोरीला लटकलेल्या चतुराकडे मी तेव्हापासून निराळ्या आदराने पाहतो.

चतुरांमागे त्यांना खाणारेही असतात. विजेच्या तारेवर बसून झेप घेणारा वेडा राघू आणि दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल हे आपले रोजचेच. पण याच वाटेने अमूर ससाणाही जातो. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा शिकारी पक्षी रशियाच्या अतिपूर्वेत आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी लाखोंनी उतरतो, तिथल्या पंखवाल्या वाळवीवर चरबी चढवतो, मग भारत आडवा ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो आणि थेट दक्षिण आफ्रिका गाठतो. 2013 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या सहभागाने नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिलेल्या तीन ससाण्यांवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवलं गेलं, तेव्हा या प्रवासाचा नकाशा स्पष्ट झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या परिसरात हे ससाणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पक्षीनिरीक्षकांना दिसतात. समुद्रावरच्या त्या उड्डाणात हे पक्षी वाटेतले चतुर खात असावेत, असं अँडरसन यांनी सुचवलं आहे. दोघांची वाट एक, ऋतू एक आणि वाराही एक, म्हणून मला ही कल्पना पटते.

अंगणात उतरणारे पाहुणे त्या मानाने शांत असतात. शेपूट सतत वरखाली हलवणारा धोबी सप्टेंबरमध्येच ओढ्याकाठी आणि ओल्या गच्चीवर दिसू लागतो. झुडपात दडून ‘चक् चक्’ करणारा वटवट्या नजरेला पडत नाही, पण कानाला सापडतो. थोड्या अवधीने लाल छातीचा माशीमार येतो, आणि ज्वारीच्या पट्ट्यात भोरड्यांचे थवे. थंडी सोसत नाही म्हणून पक्षी दक्षिणेला येतात असं सर्रास सांगितलं जातं. मुख्य कारण पोटाचं असतं. उत्तरेत बर्फ पडलं की कीटक संपतात, आणि आपल्याकडे त्याच वेळी ते मुबलक असतात.

आता कुंपणाकडे वळू. मेंदीच्या किंवा जास्वंदीच्या झुडपात एक जाळं हमखास सापडेल, त्याच्या मध्यावर पांढऱ्याशुभ्र नागमोडी धाग्यांची फुली, आणि त्या फुलीवर पाय जोडीजोडीने पसरून डोकं खाली करून बसलेली कोळ्याची मादी. ही अर्जिओपी. जूनमध्ये ती टाचणीच्या डोक्याएवढी होती म्हणून तुम्हाला दिसली नाही. पावसाळाभर खाऊन, कात टाकून ती आत्ता वयात आली आहे. तिचा नर किरकोळ बांध्याचा असतो आणि जाळ्याच्या कडेला जपून वावरतो.

ती फुली कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. 1983 मध्ये टॉमस आयस्नर आणि स्टीफन नोविकी यांनी काही जाळ्यांवर कृत्रिम फुल्या लावल्या. फुलीवाली जाळी सकाळच्या वेळी बरीचशी शाबूत राहिली आणि बिनफुलीची तुटली, कारण पक्ष्यांना फुली दिसते आणि ते जाळं टाळतात. 1990 मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की हे धागे अतिनील किरण परावर्तित करतात आणि फुलांप्रमाणे कीटकांना ओढतात. पण 1999 मध्ये टॉड ब्लॅकलेज आणि जॉन वेंझल यांना फुलीवाल्या जाळ्यांत भक्ष्य सुमारे 30 टक्के कमीच अडकतं असं आढळलं. तसं असेल तर ही मादी घर मोडू नये म्हणून जेवणातला वाटा सोडते आहे. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, निदान पक्ष्यांची ये-जा असलेल्या अंगणापुरतं तरी.

जाळ्याचा गोंद हा आणखी एक चमत्कार आहे. गोल जाळ्याचे केंद्रातून निघणारे धागे कोरडे असतात. चिकट असतो तो फक्त फिरत जाणारा धागा, आणि त्यावर गोंदाचे सूक्ष्म थेंब ओळीने बसवलेले असतात. हा गोंद हवेतलं बाष्प शोषून ओला राहतो. हवा फार कोरडी झाली तर तो कडक होतो आणि फार दमट झाली तर पातळ होऊन निसटतो. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात 2015 मध्ये वेगवेगळ्या अधिवासांतल्या पाच जातींचा गोंद तपासला गेला, तेव्हा दिसलं की प्रत्येक जातीचा गोंद ती जिथे शिकार करते तिथल्या आर्द्रतेतच सर्वांत जास्त चिकटतो. पहाटेचं दव आणि दुपारची रखरख एकाच दिवसात दाखवणाऱ्या आपल्या ऑक्टोबरमध्ये कोळ्यांची किती कसोटी लागत असेल, याचा अंदाज यावरून येतो. अनेक कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातल्या बहुतेक प्रथिनांपासून नवं विणतात. रेशीम वाया घालवणं त्यांना परवडत नाही.

बाकीची वर्दळही कमी नाही. कुंडीतल्या भुसभुशीत मातीत सरड्याने पुरलेली अंडी फुटून काडीएवढी पिल्लं बाहेर पडलेली असतात. माळावर खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांना टायगर फुलपाखरांचे नर लोंबकळतात. त्यांना मध नको असतो. या झाडातली कडू, विषारी अल्कलॉइडं गोळा करून ते मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात, आणि शत्रूला बेचव लागतात ते वेगळंच.

संध्याकाळी दिव्याभोवती भातावरचे हिरवे तुडतुडे नाचू लागतात. कीटक दिव्याकडे का जातात याचं एक चांगलं उत्तर 2024 च्या जानेवारीत मिळालं. लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या आणि फ्लोरिडातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उड्डाण टिपलं. कीटक दिव्याकडे झेपावत नव्हतेच. ते दिव्याकडे पाठ वळवत होते. लाखो वर्षं रात्रीही वरची बाजू उजळ आणि खालची काळोखी राहिली, म्हणून उजेडाकडे पाठ ठेवली की कीटक सरळ उडतो. आपला दिवा आडव्या बाजूने आला की तो कलंडतो, घिरट्या घालतो आणि अडकून राहतो. दिवा जमिनीवर असेल तर काही कीटक हवेतच उलटे होऊन आदळतात.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईआधी थोडी विनंती. घराच्या भिंतीलगत आणि मुलांच्या वाटेवर वाढलेलं गवत जरूर काढा. तिथे घोणस किंवा फुरसं असू शकतं आणि त्याबाबत धोका पत्करू नये. घरातली जळमटंही काढा. पण कुंपणाच्या एका कोपऱ्यातलं गवत कार्तिक संपेपर्यंत राहू द्या, बागेतलं फुलीचं जाळं झाडूने ओढू नका, आणि डासांसाठी अख्ख्या बागेत फवारा मारू नका. त्यात डासांबरोबर चतुर आणि कोळीही मरतात. कंदील हौसेने लावा, पण झोपताना अंगणातले आणि गच्चीवरचे दिवे मालवा. कुंड्यांखालच्या थाळ्यांतलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा ओतून टाका, कारण तिथे वाढणाऱ्या डासांच्या अळ्यांना खायला चतुराचं पिल्लू येत नाही.