वस्तरा आणि त्वचेचे आरोग्य

जबलपूरच्या ग्वारीघाटावर, नर्मदेच्या काठी, यात्रेकरूंचे क्षौर करणारे नाभिक आजही दिसतात. जाणकार नाभिक बसल्याबरोबर वस्तरा हाती घेत नाही. प्रथम तो केस पाण्याने भिजवून हाताने चांगले चोळतो. त्याच्या या कृतीतच निर्वेध दाढीचे मर्म सामावलेले आहे.

अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले. पुढे अशी साधने घरोघरी पोहोचली आणि दाढी नाभिकाच्या हातून आपल्या आरशापुढे आली. साधन घरी आले, परंतु नाभिकाचा सराव मात्र आला नाही. म्हणूनच आज हौसेने पुन्हा वस्तरा हाती घेणाऱ्यांना दाढीनंतरची आग, लाल पुरळ आणि त्वचेत वळलेले केस यांचा त्रास होतो. दोष बहुधा वस्तऱ्याचा नसतो. कोरड्या केसांवर, बोथट धारेने, दाब देऊन केलेल्या घाईचा असतो.

कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषल्यावर तो मऊ होतो. त्यामुळे स्नानानंतर दाढी करणे उत्तम. ते शक्य नसल्यास कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर ठेवावा आणि नंतर ब्रशने साबणाचा दाट फेस करावा. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा फेस लवकर सुकतो. अशा वेळी एका वेळी एकाच गालाला फेस लावावा.

वस्तरा त्वचेशी सुमारे तीस अंशांचा कोन करून धरावा. कोन वाढला तर त्वचा कापते, फार कमी झाला तर केस ओढले जातात. मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरावी आणि केसांच्या वाढीच्या दिशेने, आखूड अंतराने, वस्तरा अलगद सरकवावा. दाब देऊ नये. काम धारेने करावयाचे असते. मानेवरील केस अनेक दिशांनी वाढतात, म्हणून ती दिशा आधी बोटांनी चाचपून पाहावी. आणखी सफाई हवी असल्यास पुन्हा फेस लावून आडव्या दिशेने हात फिरवावा. उलट दिशेने खरवडल्यास केस त्वचेच्या पातळीखाली तुटून आतच वाढण्याचा संभव असतो. कुरळ्या केसांच्या व्यक्तींनी तो मोह टाळावा.

प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा. त्या वेळी पाठीची जाड कड पुढे आणि धार मागे असावी, अन्यथा पट्टा कापला जातो. काम संपल्यावर वस्तरा धुऊन, पूर्ण कोरडा करून ठेवावा. पावसाळ्यात पोलादाला गंज लवकर चढतो. चेहरा थंड पाण्याने धुऊन हलकेच टिपावा. किरकोळ ओरखड्यावर तुरटी उपयोगी पडते. त्वचा कोरडी असल्यास सौम्य मलम लावावे.

एकाचा वस्तरा दुसऱ्याने कधीही वापरू नये. न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही कावीळ ब आणि क यांचे विषाणू पसरू शकतात. केशकर्तनालयात नवे पाते आपल्यासमोर बसवण्याचा आग्रह संकोच न करता धरावा. मधुमेह असणाऱ्यांनी लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नये. पू झाल्यास किंवा पुरळ आठवड्याभरात न ओसरल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि तोवर दाढी थांबवावी.

सकाळी कार्यालय गाठण्याच्या गडबडीत वस्तरा हाती घेऊ नये. सुटीच्या दिवशी, निवांतपणे सराव करावा. हात बसला की त्वचेची तक्रारही सहसा उरत नाही.