पुडा तोच, वजन किती?

मुलांनो, पुढे वाचण्यापूर्वी एक काम करा. घरात पाच किंवा दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा असेल तर तो हातात घ्या. त्यावरची बारीक अक्षरे न वाचता त्याचे वजन किती ग्रॅम असेल याचा अंदाज करा आणि तो कागदावर लिहून ठेवा. मग पुडा उलटा करून छापलेले निव्वळ वजन वाचा. आता हाच प्रश्न आजीला विचारा. तिचा अंदाज बहुधा तुमच्यापेक्षाही जास्त चुकेल, कारण तिच्या हाताला जुन्या पुड्याची ओळख आहे.

भौतिकशास्त्राचा मास्तर वाण्याच्या दुकानात काय करतो आहे, असे तुम्हांला वाटेल. पण गिऱ्हाईक वस्तू कशी पाहते, कशी तोलते आणि कोणत्या क्षणी खिशात हात घालते या प्रश्नाचा आरंभच मुळी वजने उचलण्याच्या प्रयोगातून झाला. तो प्रयोग तुम्हांला घरी करता येण्याजोगा आहे.

जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात एर्न्स्ट हाइन्रिख वेबर नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. दोन वजनांमध्ये कमीत कमी किती फरक असला म्हणजे तो माणसाच्या हाताला कळतो, असा साधा प्रश्न त्यांनी घेतला. १८३४ साली त्यांनी आपले निष्कर्ष लॅटिन भाषेत प्रसिद्ध केले. त्यांतील गंमत अशी की या प्रश्नाला ‘अमुक इतके ग्रॅम’ असे एकच उत्तर नाही. हलक्या वजनात थोडीशी भर पडली तरी ती कळते. तेवढीच भर जड वजनात पडली तर पत्ताही लागत नाही. स्थिर राहते ते गुणोत्तर. हाताने उचललेल्या वजनांसाठी वेबर यांना हे गुणोत्तर सुमारे एक चाळिसांश मिळाले. म्हणजे ४०० ग्रॅमला १० ग्रॅमची भर कळू लागत असेल, तर ८०० ग्रॅमला २० ग्रॅमची हवी.

करून पाहा. प्लास्टिकच्या एकसारख्या दोन बाटल्या घ्या आणि दोन्हींत २०० मिलिलिटर पाणी मोजून भरा. मित्राचे डोळे रुमालाने बांधा. एका बाटलीत चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, पाणी वाढवा. दोन्ही बाटल्या त्याच्या त्याच हातात एकामागून एक द्या आणि जड कोणती ते विचारा. एकदा बरोबर आले म्हणून हुरळून जाऊ नका. नुसत्या अंदाजानेही निम्म्या वेळा उत्तर बरोबर येणारच! तेव्हा क्रम बदलत दहा वेळा विचारा. निदान आठ वेळा बरोबर उत्तर येईपर्यंत एकेक चमचा वाढवत जा. मग हाच प्रयोग ८०० मिलिलिटर पाण्यावर करा. बाटलीचेही वजन धरायला विसरू नका. तुमचे गुणोत्तर एक चाळिसांशच आले पाहिजे असे मुळीच नाही. सवय नसलेल्या हाताचे ते बरेच मोठे येईल. दोन्ही वेळा ते जवळपास सारखे येते का, एवढेच पाहायचे.

वेबर यांच्या या निरीक्षणाला गणिताचे रूप दिले ते त्याच विद्यापीठातील गुस्टाव फेख्नर यांनी. फेख्नर १८३४ साली तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. तेजस्वी वस्तू पाहिल्यानंतर डोळ्यांपुढे जी प्रतिमा रेंगाळते तिचा अभ्यास करताना त्यांनी रंगीत काचांतून सूर्याकडे पाहिले. त्यामुळे डोळे इतके बिघडले की त्यांना अध्यापन सोडावे लागले आणि पुढची काही वर्षे अंधाऱ्या खोलीत काढावी लागली. (हा प्रयोग मात्र तुम्ही कदापि करू नका.) बरे झाल्यावर, २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना एक कल्पना सुचली. बाहेरचे उद्दीपन गुणाकाराने वाढते तेव्हा आतली संवेदना बेरजेने वाढते. १८६० साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला आणि मनोभौतिकी हे नवे शास्त्र जन्माला आले.

ज्यांनी लॉगरिथम शिकले आहे त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. ज्यांनी शिकले नसेल त्यांनी आकाशाकडे पाहावे. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती आपल्याला एक, दोन, तीन अशा सारख्या पायऱ्या वाटतात. प्रत्यक्षात दर पायरीला प्रकाश सुमारे अडीच पटींनी बदलतो. पहिल्या आणि सहाव्या प्रतीच्या ताऱ्यांत पाच पायऱ्यांचे अंतर आहे, पण प्रकाशात शंभर पटींचे. ध्वनीचे डेसिबेलही याच घराण्यातले. फेख्नर यांचा नियम सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही हे पुढे दिसून आले आणि त्यात दुरुस्त्या झाल्या. पण आपल्या कामापुरता तो पक्का आहे.

आता पुन्हा पुड्याकडे वळू या. असे समजा की तुम्ही बिस्किटांचे कारखानदार आहात. १०० ग्रॅमचा तुमचा पुडा पाच रुपयांना खपतो आहे. मैदा, साखर, तेल यांचे भाव वाढले. किंमत सहा रुपये करावी तर ती एकदम २० टक्क्यांची वाढ झाली. ती कोणाच्याही डोळ्यांत भरते. शिवाय पाचाचे नाणे टाकून पुडा उचलण्याची सवय मोडते आणि सुट्या पैशांची कटकट होते ती वेगळीच. मग तुम्ही किंमत तशीच ठेवता आणि वजन ९६ ग्रॅम करता. चार टक्क्यांचा फरक, आणि तोही असा की ज्याच्याशी तुलना करायची तो मागचा पुडा केव्हाच फस्त झालेला! दोन बाटल्या एकामागून एक उचलून तुमच्या मित्राला जे जड गेले, ते दोन आठवड्यांच्या अंतराने गिऱ्हाइकाला कसे जमावे?

सहा महिन्यांनी पुन्हा चार टक्के. मग पुन्हा. असे पंधरा वेळा झाले तर? १०० ला ०.९६ ने पंधरा वेळा गुणा. उत्तर सुमारे ५४ येईल. सुरुवातीला ग्रॅमला पाच पैसे पडत होते, आता सव्वानऊ पैसे पडतात. म्हणजे भाव जवळजवळ ८५ टक्क्यांनी वाढला आणि पंधरांपैकी एकाही पायरीवर तो हाताला जाणवला नाही. माझे हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. तुमच्या आवडत्या पुड्याचे खरे आकडे तुम्ही जमवा. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या जुन्या अंकांतल्या जाहिराती किंवा माळ्यावरचा एखादा जुना डबा यांचा त्या कामी उपयोग होईल.

ही फसवणूक आहे का? वेष्टनावर वजन खरे छापलेले असते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने नाही. कच्चा माल महागला हेही खोटे नसते. पण दरवाढ सांगून करणे आणि ती संवेदनेच्या उंबरठ्याखालून आत सरकवणे यांत फरक आहे, असे मला वाटते. हा फरक सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्या घरात सकाळचा चहा आणि एक पुडा हीच दोन मुलांची न्याहारी असते, तेथे पुड्यातली दोन बिस्किटे कमी झाली हे हाताला कळले नाही तरी दुपारच्या सुट्टीपूर्वीच पोटाला कळते.

हाताची गोष्ट झाली. डोळ्याची याहून न्यारी आहे. डोळा घनफळ मोजत नाही. तो लांबी-रुंदी पाहतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. एखादा खोका तिन्ही बाजूंनी फक्त ३ टक्क्यांनी लहान केला तर काय होईल? ०.९७ × ०.९७ × ०.९७ म्हणजे सुमारे ०.९१. घनफळ ९ टक्क्यांनी घटले. उंची तशीच ठेवून बाटलीचा व्यास ५ टक्क्यांनी कमी केला तर आतला माल जवळजवळ १० टक्क्यांनी कमी होतो. बाटलीच्या तळाला आत वळलेली खोलगट वाटी असेल तर ती आणखी थोडा वाटा खाते. उंच निमुळत्या भांड्यात जास्त मावते असे आपल्याला उगीचच वाटते. लहान मुलांची ही चूक पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली. पण प्रिया रघुबीर आणि आराधना कृष्णा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मोठी माणसेही त्याच भ्रमात सापडली. रसवंतीगृहातला उंच पेला आठवा. घरी आल्यावर तसा एक पेला आणि एक बसका पेला घेऊन पाणी ओतून पाहा.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वेफर्सच्या फुगलेल्या पिशवीत ‘नुसती हवा विकतात’ असे आपण म्हणतो. ती साधी हवा नसते. बहुधा तो नायट्रोजन असतो. ऑक्सिजन दूर ठेवल्याने तळणाचे तेल खवट होत नाही आणि फुगीर पिशवीमुळे वेफर्सचा चुरा होत नाही. तेव्हा प्रत्येक मोकळी जागा म्हणजे लबाडी असे समजू नका. पण पिशवी आवश्यकतेपेक्षा किती मोठी आहे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

वजन आणि आकार यांचे ठीक आहे. पण पैशाला का वजन आहे? तरीही मन पैसा बेरीज-वजाबाकीने न तोलता गुणोत्तरानेच तोलते. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९८१ साली एक प्रश्न मांडला. तुम्ही १२५ डॉलरचे जाकीट आणि १५ डॉलरचा गणकयंत्र घ्यायला निघाला आहात. विक्रेता सांगतो की वीस मिनिटांच्या अंतरावर असलेल्या आमच्या दुसऱ्या दुकानात गणकयंत्र १० डॉलरला आहे. तुम्ही जाल का? ६८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या गटासाठी किमतींची अदलाबदल केली. गणकयंत्र १२५ चे आणि दुसऱ्या दुकानात १२० ला. आता फक्त २९ टक्के लोक जायला तयार झाले. वीस मिनिटे तीच, वाचणारे ५ डॉलर तेच, एकूण खर्चही तोच! पण पंधरातले पाच म्हणजे तिसरा हिस्सा आणि सव्वाशेतले पाच म्हणजे चार टक्के. कंपासपेटी घेताना वीस रुपयांसाठी बाजार पालथा घालणारे आपण सायकल घेताना दोनशेंकडे काणाडोळा करतो, त्याचे मूळ येथे आहे.

हे फेख्नर यांच्याही आधी एकाच्या लक्षात आले होते. द्रवाच्या वेग-दाबाच्या नियमासाठी तुम्ही ज्यांचे नाव घोकता ते डॅनियल बर्नोली. १७३८ साली त्यांचा द्रवगतिकीवरचा ग्रंथ निघाला. त्याच साली त्यांचा एक निबंधही प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी लिहिले की पैशात पडणाऱ्या भरीचे मोल माणसाजवळ आधी किती पैसा आहे यावर ठरते. सूत्र तेच, लॉगरिथमचे.

आता ९९ कडे. बाटाच्या दुकानातील पंच्याण्णव पैशांनी संपणाऱ्या किमती घरातल्या वडील माणसांना आठवत असतील. यामागे गुणोत्तर नाही, वाचन आहे. डोळा डावीकडून वाचतो आणि पहिला अंक मनात आधी ठसतो. मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ यांनी २००५ साली दाखवून दिले की ३.०० ऐवजी २.९९ लिहिले की किंमत बरीच कमी वाटते, पण ३.६० ऐवजी ३.५९ लिहून तसा फायदा होत नाही. फरक दोन्हीकडे एका सेंटचा. पहिल्यात मात्र डावा अंक बदलतो. काट मारलेली मोठी किंमत आणि शेजारी लाल शाईतली लहान किंमत, ही युक्ती तर तुम्ही रोजच पाहता. खोडलेला आकडाच मनाची मोजपट्टी होऊन बसतो.

यांवर उतारा म्हणून हाताजवळ एक साधन आहे. वेष्टित मालाच्या नियमांत पूर्वी बिस्किटे, चहा, मीठ अशा १९ जिनसांच्या पुड्यांची वजने ठरवून दिलेली होती. २०२१ साली केंद्र सरकारने त्यांत दुरुस्ती केली. ते बंधन काढून टाकले आणि त्याऐवजी वेष्टनावर एककाची किंमत छापण्याचा नियम आणला. किलोहून कमी माल असेल तर एका ग्रॅमची, जास्त असेल तर एका किलोची. अक्षरे मुंगीएवढी असतात, पण असतात. ती वाचून पाहा आणि ‘मोठा पुडा स्वस्त’ हे घरातले सूत्र दर वेळी खरे ठरते का ते तपासा. शांपूची पुडी आणि बाटली यांची तुलना अवश्य करा.

शेवटी एक प्रश्न, ज्याचे उत्तर तुमच्या वर्गात सापडू शकेल. वर सांगितलेला डाव्या अंकाचा प्रयोग इंग्रजी वाचणाऱ्यांवर झालेला आहे. ते ‘ट्वेंटी-नाइन’ म्हणतात, दशक आधी. आपण म्हणतो एकोणतीस, म्हणजे एक उणे तीस. शब्दच सांगतो की हे तिसाच्या दाराशी उभे आहे! (२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.) नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही, त्याला कोणी ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. मग मराठीतून किंमत तोंडाने सांगितली तर ४९ ची मोहिनी ९९ पेक्षा कमी पडते का? वर्गाचे दोन भाग करा. एका भागाला किमती फळ्यावर अंकांत लिहून दाखवा, दुसऱ्याला नुसत्या वाचून ऐकवा. ४९ आणि ५०, ९९ आणि १०० यांपैकी प्रत्येक किंमत कितपत महाग वाटते ते एक ते दहा या मोजपट्टीवर प्रत्येकाने शेजाऱ्याला न दाखवता लिहावे. मुले निदान चाळीस तरी असू द्या आणि कोणत्या जोड्यांची तुलना करणार ते आकडे हाती येण्यापूर्वीच वहीत नोंदवून ठेवा.