देवयानी दीर्घिकेचे पहिले छायाचित्र

दीर्घिकेचे पहिले छायाचित्र बहुधा निराश करते. पुस्तकांत पाहिलेले निळसर-तांबूस सर्पिल बाहू मनात ठेवून नवशिका कॅमेऱ्याचे बटण दाबतो आणि पडद्यावर उमटतो तो खडूच्या पुसट बोटासारखा एक राखाडी डाग. ‘आपल्याजवळ मोठी दुर्बीण नाही’ असे म्हणून अनेक जण येथेच हा नाद सोडून देतात. वास्तविक तो डाग म्हणजेच दीर्घिका होय. तिचा प्रकाश अद्याप पुरेसा जमलेला नसतो, इतकेच.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी केवळ लग्नसमारंभापुरता बाहेर निघणारा एखादा जुना डीएसएलआर कॅमेरा असेल. तो कॅमेरा, ५० मिलिमीटरची साधी लेन्स आणि न हलणारी तिपाई एवढ्या साहित्यावर देवयानी दीर्घिकेचे चित्र घेता येते. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तरीही आकाशात तिचा विस्तार सुमारे तीन अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट रुंद आहे. ती लहान असल्यामुळे नव्हे, तर अतिशय मंद असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. म्हणून येथे प्रश्न चित्र मोठे करण्याचा नसून प्रकाश साठविण्याचा आहे.

हे प्रथम सिद्ध करून दाखविणाऱ्यांपैकी आयझॅक रॉबर्ट्स हे पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हते. वेल्समध्ये जन्मलेले हे गृहस्थ बांधकामाच्या व्यवसायातले. १८८८ साली त्यांनी २० इंची दुर्बिणीला छायाचित्रणाची काच जोडून देवयानीचा प्रकाश दीर्घकाळ साठविला आणि तिची सर्पिल रचना प्रथमच स्पष्ट दिसली. आपण एक नवी सूर्यमाला घडताना पाहत आहोत, असे त्यांना वाटले. त्या धूसर ढगातील एका बदलत्या ताऱ्यावरून ती आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका आहे हे एडविन हबल यांच्या ध्यानात येण्यास १९२३ साल उजाडावे लागले. म्हणजे चित्र आधी मिळाले आणि अर्थ पस्तीस वर्षांनी लागला.

महाराष्ट्रातून हे काम पावसाळा सरल्यावरच हाती घ्यावे. दिवाळीची अमावास्या धूर आणि रोषणाई यांमुळे वाया जाते. तिच्या पुढची, कार्तिक अमावास्या उत्तम. त्या सुमारास रात्री आठ-साडेआठला देवयानी उत्तरेकडे, डोक्यावरून थोडी खाली असते. उत्तरेला तोंड करून शर्मिष्ठा तारकासमूहाची इंग्रजी ‘एम’सारखी आकृती शोधावी. तिच्या दोन शिखरांपैकी अधिक टोकदार शिखर वर जेथे रोखलेले आहे, तेथे हात लांब करून सुमारे दीड मूठ अंतर मोजावे. डोळे अंधाराला सरावले असतील तर तेथे धुक्याचा एक लहानसा पुंजका जाणवतो. (टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळला तर डोळ्यांची ही सवय मोडत नाही.)

यानंतरचा भाग संयमाचा. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर पाच-सहा सेकंदांहून अधिक काळ झडप उघडी ठेवल्यास ताऱ्यांच्या रेघा होतात. मग रॉबर्ट्स यांच्यासारखा दीर्घ प्रकाश मिळवावा कसा? पाच-पाच सेकंदांची दोनशे चित्रे घ्यावीत. संगणकावर ती एकमेकांवर तारे जुळवून रचली की सोळा-सतरा मिनिटांचा प्रकाश एकत्र होतो. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर हे काम करतात. प्रत्येक चित्रातील खरखर वेगळी आणि दीर्घिका मात्र तीच, म्हणून सरासरी घेताना खरखर विरते आणि दीर्घिका टिकते. चित्रांची संख्या चौपट केली तर खरखर निम्मी होते. शंभर चित्रांत ती एका चित्राच्या दहाव्या हिश्शावर येते.

चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत, आयएसओ १६०० ठेवावा आणि लेन्सचे छिद्र २.८ पर्यंत किंचित मिटवावे. फोकस स्वयंचलित ठेवू नये. पडद्यावर एखादा तेजस्वी तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत हाताने जुळवावा. नवशिक्याच्या रात्री सर्वाधिक वाया जातात त्या याच एका बाबीमुळे, आणि दुसऱ्या क्रमांकावर लेन्सवर साचणाऱ्या दवामुळे. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच मापांची वीस-तीस काळी चित्रे घ्यावीत. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष त्यांच्या आधारे वजा होतात.

रचलेले चित्रही प्रथम काळेच दिसते. त्याचे अंधूक भाग हळूहळू उजळावे लागतात आणि मोह तेथेच होतो. काही मोबाइल फोन व प्रणाली न दिसलेला तपशील अंदाजाने भरून देतात. असे चित्र सुंदर असेल. परंतु ते आपण पाहिलेल्या आकाशाचे नव्हे. तेजस्वी गाभा, त्याभोवती लंबगोल आभा आणि शेजारी तिच्या सोबती दीर्घिकांचे दोन ठिपके एवढे मिळाले, तरी पहिल्या हंगामात मी ते पूर्ण यश मानीन.

कॅमेरा विकत घेता येतो, अंधार मात्र विकत मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर शेकडो चित्रे रचूनही आकाशाची पिवळट-पांढरी झाक त्या आभेला गिळून टाकते. आपले विद्यालय गावाबाहेर असल्याने विद्यार्थ्यांकडे ही संपत्ती आजवर विनासायास होती. आता रस्त्यावरचे आणि आवारातले पांढरे एलईडी दिवे ती घटवीत आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्यामागे आकाशाकडे जाणारा प्रकाश जमिनीकडे वळविण्याचे प्रयत्न होते. आवारातील दिव्यांना वरून झाकणारी टोपी बसविणे आणि अमावास्येला तासभर अनावश्यक दिवे बंद ठेवणे, एवढे आपल्यालाही साध्य आहे. मुलींच्या वसतिगृहाकडील वाटेवरचे दिवे अर्थातच चालू राहावेत, फक्त ते खाली झुकलेले असावेत.

देवयानी जमली की दक्षिणेकडच्या त्रिकोण तारकासमूहातील दीर्घिका घ्यावी. तिचा प्रकाश पसरलेला असल्याने ती फार अवघड आहे आणि म्हणूनच अंधाराचे उत्तम मापही आहे. विद्यार्थ्यांनी दर कार्तिक अमावास्येला त्याच जागेवरून, त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच मापांनी तिची शंभर चित्रे घ्यावीत, खाली दिनांक व वेळ लिहावी आणि ती ग्रंथालयात जतन करावीत. पाच वर्षांची चित्रे शेजारी मांडली की आपल्यावरचे आकाश किती उजळले, हे मुलांना स्वतःच्या पुराव्यावरून सांगता येईल.